आत्या पाहुणी झाली ते वर्ष

आमची आत्या इस्पितळात एक्स-रे काढायची. तळमजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला, जाड दरवाजाच्या खोलीत तिची उभी हयात गेली. "श्वास घ्या. रोखा. हलू नका. हं, सोडा." दिवसभर एवढंच बोलायचं. घरी आल्यावरही तिचा आवाज त्याच पट्टीत असायचा. घरात कडाक्याचं भांडण चालू असताना तिने दारातून नुसतं "हलू नका" म्हटलं, तरी मोठमोठी माणसं जागच्या जागी थिजायची. आमच्या कुटुंबाच्या जुन्या फोटोंत सगळ्यांच्या छात्या फुगलेल्या आणि डोळे बाहेर आलेले दिसतात. कारण एवढंच, की फोटोच्या वेळी आत्या "रोखा" म्हणायची आणि "सोडा" म्हणायला विसरायची.

तिचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, बुटांच्या दुकानात विक्रेते होते. माणसाच्या तोंडाकडे ते नंतर बघायचे, आधी पायांकडे. माझ्या चुलत बहिणीला बघायला मुलगा आला, तेव्हा सगळे त्याची नोकरी आणि उंची बघत होते. आतोबा दारात त्याचे बूट बघून आले आणि हळूच म्हणाले, "टाचा बाहेरून झिजल्यात. मुलगा चांगला आहे, पण एका गोष्टीवर टिकायचा नाही." लग्न झालं. मुलगा चांगलाच निघाला. तो कोणत्या गोष्टीवर टिकला नाही, ते पुढे येईलच.

आजी होती तोवर वर्षअखेरच्या सुट्टीचं मोठं जेवण तिच्याकडे व्हायचं. आजी गेली, त्या वर्षी चारही भावंडं, म्हणजे थोरले काका, माझे बाबा, आत्या आणि धाकटा काका, एकमेकांची तोंडं बघत बसली. यंदा जेवण कुणाकडे, हे कुणी विचारेना. शेवटी आत्या सहज म्हणाली, "या की माझ्याकडे."

आता असं बोलणं तोंडदेखलं असतं हे सगळ्या जगाला कळतं. आमच्या घरात मात्र अशा बोलण्याला पक्का शब्द मानतात. सगळे गेले. तिथून पुढे वर्षानुवर्षं जात राहिले.

आत्याचं घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला आत यायला आधी एकाला बाहेर पाठवावं लागे. ओव्हन होता तो कुणीतरी लग्नात दिलेला, टेबलावर ठेवायचा, पेटीएवढा. आत्याने तोवर त्यात फक्त कालचं अन्न गरम केलं होतं. पण आजी घरी पाव भाजायची, तेव्हा आपणही भाजायचा, असं तिने ठरवलं आणि त्या पहिल्या सुट्टीच्या आठवडाभर आधी एक पाव करून बघितला.

वरून तो पाव दृष्ट लागेल असा झाला होता. सोनेरी, गोल, गुबगुबीत. सुरी मात्र आत जाईना. आतोबांनी जोर लावला, तर सुरीच वाकली. आत्याने पाव उलटा करून टकटक वाजवला, कानाला लावला, वास घेतला. आत काय बिघडलंय ते काही समजेना. मग तिने, तिच्या दृष्टीने, सगळ्यात साधी गोष्ट केली. दुसऱ्या दिवशी तो पाव डब्यातून इस्पितळात नेला आणि दुपारी मशीन मोकळं असताना त्याचा एक्स-रे काढला.

फोटो छान आला. कडेला काळसर जाळी, वरच्या बाजूला एक मोठी पोकळी आणि मधोमध पांढराशुभ्र गोळा. आत्या तो दिव्याच्या पाटीवर लावून निरखत होती, तेवढ्यात हाडांचे मोठे डॉक्टर आत आले. चष्मा वर करून त्यांनी फोटो बघितला. चेहरा गंभीर झाला.

"हे कुणाचं?"

"घरचंच आहे, सर," आत्या म्हणाली.

"किती दिवस झाले?"

"कालच झालं."

डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "वेळ घालवू नका. आजच दाखल करा. वाटलं तर मी शस्त्रक्रियावाल्यांशी बोलतो."

आत्याने पाव डब्यातून काढून त्यांच्यासमोर ठेवला. डॉक्टर त्यानंतर कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत, असं ती सांगते. मग एक दिवस स्वतःच येऊन विचारून गेले, की पेशंट कसा आहे.

पेशंट सुधारत होता. आच फार होती, बाहेरचं कवच आधीच घट्ट झालं आणि आतलं पीठ कच्चं राहिलं, हे तिला फोटोवरून कळलं. आच कमी केली, पीठ फुगायला जास्त वेळ दिला. सुट्टीच्या दिवशी पाव नीट कापता आला. पुढे ती केक शिकली, बिस्किटं शिकली, सफरचंद भरलेले गोड पाव शिकली. ओव्हनच्या काचेला नाक लावून ती आतल्या केकला दटावायची, "हलू नकोस." तोही बिचारा ऐकायचा.

त्या एवढ्याशा घरात अख्खं खटलं कसं मावायचं, ते सांगून पटणार नाही. आतल्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढून दोन पेट्यांवर आडवं टाकायचं, की झालं टेबल. मुलं पलंगावर, बायका पलंगाच्या कडेला, पुरुष खिडकीत. आतोबा बाहेरच्या दाराशी सगळ्यांचे बूट-चपला जोडीने लावत बसायचे आणि जाताना कुणाला काही न विचारता ज्याची त्याची जोडी हातात द्यायचे.

आमच्या पाहुणेपणाच्या तऱ्हा मात्र ठरलेल्या होत्या. थोरले काका "मदतीला" म्हणून दोन तास आधी हजर व्हायचे, स्वयंपाकघरातल्या एकुलत्या एक स्टुलावर बसायचे आणि आत्याला मोठ्याने पेपर वाचून दाखवायचे. माझी आई जेवायला बसायच्या आधीच "उरलं तर डब्यात देशील ना गं?" विचारायची आणि उरेल याची काळजी घेत जेवायची. आणि तो झिजलेल्या टाचांचा जावई दरवर्षी ताट समोर आलं की नवा नेम जाहीर करायचा. एका वर्षी अंडं सोडलं, एका वर्षी साखर सोडली, एका वर्षी फक्त उकडलेलं. सगळ्यांची पानं वाढून झाली, की आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो, "अगं, तू पण बस ना!" ती टेकली रे टेकली, की कुणीतरी म्हणायचं, "मीठ कुठाय?"

धाकटी काकू, म्हणजे धाकट्या काकाची बायको, लग्न होऊन आली त्या वर्षीच म्हणाली होती, "ताई, केक मी करून आणू?"

"पुढच्या वर्षी बघू," आत्या म्हणाली.

ते पुढचं वर्ष काही आलं नाही. दर खेपेला काकू विचारायची, दर खेपेला आत्या तेच सांगायची. काकू प्रवासाची तिकिटं काढून देणाऱ्या ऑफिसात होती. अनोळखी माणसांना जगाच्या दुसऱ्या टोकाला वेळेवर पोहोचवायची, पण नणंदेच्या स्वयंपाकघराचा उंबरा तिला ओलांडता येत नव्हता. तिने स्वतःच्या घरी मोठा ओव्हन घेतला, बटणांचा, आत दिवा लागणारा. त्यात ती रविवारी चार बिस्किटं भाजायची आणि धाकटा काका ती निमूटपणे खायचा.

आत्या निवृत्त झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी सुट्टी अगदी तोंडावर आली असताना ती फळीवरचा मोठा साचा काढायला स्टुलावर चढली आणि साच्यासकट खाली आली. साच्याला काही झालं नाही. उजवं मनगट मोडलं. तिला तिच्याच इस्पितळात, तिच्याच खोलीत नेलं. तिथे आता एक नवा मुलगा होता. त्याने तिचा हात टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "श्वास रोखा, आजी."

"मनगटाच्या फोटोला श्वास कशाला रोखायचा रे?"

"सवय झालीय हो," तो ओशाळून म्हणाला.

"मलाही होती," आत्या म्हणाली आणि तिने श्वास रोखला.

प्लॅस्टर कोपरापर्यंत आलं. बातमी कळताच आधी सगळे हळहळले आणि मग सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न आला. तो विचारायची लाज वाटत होती, म्हणून सगळे "हात दुखतोय का?" एवढंच विचारत राहिले. धाकट्या काकूने कोंडी फोडली. ती आत्याकडे आली, समोर बसली आणि एका दमात म्हणाली, "ताई, यंदा जेवण आमच्याकडे. सगळं मी करणार. तुम्ही फक्त पाहुण्या."

मी तिथेच होते. आता ठिणगी पडते, असं मला वाटलं. आतोबांनी तर मान खाली घालून काकूच्या सँडलकडे बघायला सुरुवात केली.

आत्याने प्लॅस्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाली, "बरं."

नुसतं "बरं". ना टोमणा, ना सूचना, ना पुढचं वर्ष. काकू घरी जाईपर्यंत आनंदात होती. रात्री मात्र तिने मला फोन केला, "अगं, त्या 'बरं' म्हणाल्या म्हणजे नक्की काय म्हणाल्या?"

सुट्टीच्या दिवशी मी काकूच्या मदतीला सकाळीच गेले. कणीक फुगत होती, कोंबड्या मसाला लावून तयार होत्या, काकूचा चेहरा घामाने आणि पिठाने माखला होता. तेवढ्यात बेल वाजली. जेवायला अजून पुष्कळ अवकाश होता. दारात आत्या, ठेवणीतले कपडे घालून, प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून. मागे आतोबा.

"मदतीला आले," आत्या म्हणाली. सरळ स्वयंपाकघरात गेली, स्टुलावर बसली आणि डाव्या हाताने पेपर उघडला. "ऐका, काय छापलंय बघा."

तिने अख्खं पान वाचून दाखवलं. हवामान, मग कुणाची तरी हरवलेली मांजर. काकू तिच्या गुडघ्यांना वळसा घालून ओव्हनपर्यंत जात होती.

"ताई, जरा बघता का? ही कणीक पुरेशी फुगलीय का?"

"मला गं काय कळतंय?" आत्या मांजरीच्या बातमीवरून नजर न काढता म्हणाली. "मी पाहुणी. जरा गरम पाणी मिळेल का? फार गरम नको. कोमटही नको."

हळूहळू माणसं जमली. थोरले काकाही लवकरच आले आणि सवयीने स्वयंपाकघरात शिरले, तर स्टुलावर आत्या. ते दारात उभे राहून तिचं पेपरवाचन ऐकत राहिले. थोड्या वेळाने त्यांच्या कानशिलांचा रंग बदलू लागला.

"अगं, मी असं करतो का?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"तुम्ही अग्रलेखही वाचता, काका," मी म्हटलं.

टेबल मांडलं. आत्याला खिडकीजवळची खुर्ची दिली, तर तिला वारा लागत होता. आत दिली, तर कोंदट वाटत होतं. तिसरी खुर्ची पसंत पडल्यावर तिने पिशवीतून एक रिकामा डबा काढला आणि ताटाशेजारी ठेवला. "उरलं तर," ती गोड हसून म्हणाली. माझ्या आईने पदराने तोंड पुसल्यासारखं केलं आणि स्वतःच्या पिशवीतला डबा पायाने खुर्चीखाली सरकवला.

हसू फुटायला लागलं होतं. बाबा तर खिडकीकडे तोंड करून खांदे हलवत होते. पण आत स्वयंपाकघरात कुणी हसत नव्हतं. पावाची कणीक साच्याबाहेर येऊन ओव्हनच्या तळाशी टपकत होती. कोंबड्या एका बाजूने काळ्या आणि दुसऱ्या बाजूने गुलाबी झाल्या होत्या. नेमका त्याच वेळी तो जावई आत डोकावला आणि अदबीने म्हणाला, "काकू, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. मी आता गहू सोडलाय."

काकूने हातातला चमचा ओट्यावर ठेवला. हातमोजे काढले, नीट घडी करून ठेवले, बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली.

धाकटा काका दाराशी गेला. "अगं, काय झालं?"

"काही नाही. मी आता इथेच राहणार आहे."

काकाने घाबरून आत्याकडे बघितलं. आत्या उठली. "तू सरक," ती त्याला म्हणाली आणि दारावर प्लॅस्टरचा हात आपटला. मी ओले हात घेऊन तिथेच उभी होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"अगं, मी आहे."

"ताई, तुम्ही मुद्दाम करताय!" आतून रडका आवाज आला.

"हो. मुद्दामच करतेय."

आत्या दाराच्या अगदी जवळ सरकली.

"पण तुला छळायला नाही गं. ही सगळी बाहेर बसलीयत ना, त्यांना दाखवायचं होतं. इतकी वर्षं तोंडाने सांगता आलं नाही. तू मध्ये भरडली जाशील हे माझ्या लक्षातच आलं नाही. चुकलं माझं. दार उघड."

"नाही."

"बरं, मग आत घे. तुला काय वाटतं, मी कधी बाथरूममध्ये जाऊन बसले नसेन? दरवर्षी बसायचे. कोंबडी ओव्हनमध्ये गेली, की मी आमच्या बाथरूममध्ये. नळ सोडून ठेवायचा, म्हणजे बाहेर ऐकू जात नाही. तू नळ सोडलेला नाहीस, सगळ्यांना ऐकू जातंय."

आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मग कडी निघाली. आत्या आत गेली आणि दार पुन्हा बंद झालं.

आतून पाण्याचा आवाज, मग कुजबुज, आणि मग, ऐकणाऱ्याला खरं वाटू नये असं, दोघींचं खिदळणं. नंतर काकूने मला सांगितलं, की आत्याने खिशातून एक बिस्किट काढून अर्धं तिला दिलं. दोघी बाथटबच्या काठावर बसून ते खात होत्या. "कधीही रिकाम्या खिशाने पाहुणे बोलवायचे नाहीत," असं आत्याने तिला बजावलं. पावाचं काय चुकलं, तेही सांगितलं. आणि इतकी वर्षं "पुढच्या वर्षी" का म्हणत होती, तेही. "केक तू आणला असतास, तर सगळे म्हणाले असते, किती छान झालाय. मग मी काय नुसत्या कोंबड्या भाजत बसायचं?"

इकडे करपट वास यायला लागला. कोण काय करणार? ज्यांच्याकडून सगळं व्हायचं त्या दोघी आत. शेवटी थोरल्या काकांनी हातमोजे घातले. उलटे घातले, पण घातले. बाबांनी ओव्हनचं दार उघडलं, आतोबांनी पाव बाहेर काढला, आई कोंबड्यांचा काळा भाग कापून बाजूला ठेवायला लागली. तो भाग तिने डब्यात भरला नाही, हेही नोंदवायला हवं. गुलाबी भाग पुन्हा ओव्हनमध्ये गेला. जावयाने, स्वतःहून, बटाटे कुस्करले. धाकटा काका बाथरूमच्या दाराला कान लावून बातम्या आणत होता. "हसतायत अजून!"

दोघी बाहेर आल्या तेव्हा टेबलावर जेवण लागलेलं होतं. सुंदर नव्हतं. पाव एका कडेने उतू जाऊन खाली कानासारखा लोंबत होता. पण सगळे उभे होते आणि दोन खुर्च्या रिकाम्या ठेवल्या होत्या.

"बसा," थोरले काका म्हणाले. "मीठ टेबलावर आहे."

आतोबांनी पावाचा पहिला तुकडा कापला आणि आत्याच्या ताटात ठेवला. तो अजून वाफाळत होता. लोणी लावलं तर लगेच विरघळलं. आत्याने एक घास घेतला आणि थांबली. आम्हाला वाटलं, आता काहीतरी खोड काढणार. ती सावकाश चावत राहिली.

"गरम आहे," ती म्हणाली.

"तोंड भाजलं का?" काकू धास्तावून उठायला लागली.

"नाही गं. गरम आहे, एवढंच. सुट्टीच्या दिवशी गरम पाव मी आईच्या हातचा खाल्ला होता, त्यानंतर आज. माझ्यापर्यंत यायचा तेव्हा तो थंड झालेला असायचा."

माझ्या बाबांनी लोण्याची वाटी तिच्यापुढे सरकवली. आत्याने आणखी एक तुकडा घेतला, मग आणखी एक. डाव्या हाताने तिला लोणी लावता येईना, म्हणून काकू लावून देत होती. जावईही तोवर दोन तुकडे खाऊन बसला होता. माझ्या चुलत बहिणीने त्याच्याकडे बघितलं, तर म्हणाला, "आजच्या दिवस."

मनगट बरं झालं, पण पुढच्या वर्षी आत्याने जेवण आपल्याकडे घेतलं नाही. तिने आणि काकूने मिळून ते काकूकडे केलं आणि सकाळपासून दोघी इतक्या भांडल्या, की आम्हाला आत जायची भीती वाटत होती. मिठावरून भांडल्या, आचेवरून भांडल्या, केक कोणत्या कप्प्यात ठेवायचा यावरून तर फारच. आता रोज दुपारी त्यांचा फोन असतो. धाकटा काका म्हणतो, बायको माझ्याशी महिन्यात बोलत नसेल तेवढं ती ताईशी यीस्टवर बोलते.

आम्हीही थोडेफार सुधारलो. थोरले काका पेपर घरी ठेवून येतात. बटाटे जावयाकडे गेले ते कायमचेच.

गेल्या सुट्टीला केक कापून झाल्यावर आत्याने चमचा खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हिचा केक आता माझ्यापेक्षा चांगला होतो."

काकू हातात ताट घेऊन उभी होती. "काय म्हणालात, ताई? परत एकदा सांगा ना. यांनी ऐकलं नाही."

"एकदा सांगितलं ना," आत्या म्हणाली. "वाढ मला अजून."